डॉक्टरबाई, आकडा कमी आलाय!

जत्रांचा सीझन सुरू झाला की पत्रं कमी येतात असा माझा अनुभव, पण यंदा उलटंच झालंय. आणि पत्रं म्हणजे तरी काय, मजकूर दोन ओळी आणि खाली लॅबच्या रिपोर्टचा फोटो, आकड्याभोवती लाल पेनाने गोल. प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाला शांत ठेवणारं हॉर्मोन), बीटा एचसीजी (गर्भ सोडतो ते), टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं). म्हणून म्हटलं या महिन्याचा सगळा कॉलम गरोदरपणातल्या हॉर्मोन्सनाच देऊन टाकू. नावं छापत नाही, तपशीलही थोडे बदललेत, कारण आपल्या गोव्यात गाव आणि जाऊ एवढं सांगितलं तरी पुढचं लोक स्वतःच शोधून काढतात.

प्रश्न: डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ३१. मागच्या वर्षी एक मिसकॅरेज झालं. आता सातवा आठवडा चालू आहे. मध्ये दोन दिवस स्पॉटिंग झालं म्हणून डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ खालून ठेवायला दिल्यात. सोनोग्राफीत ठोके दिसले. पण मला राहवेना, मी आपली आपणच लॅबमध्ये जाऊन प्रोजेस्टेरॉन केलं तर ११ आलं. माझ्या जाऊबाईला तिच्या वेळी इंजेक्शनं होती, तिचं ६० च्या वर होतं म्हणते. औषध मला लागू पडत नाहीये का? इंजेक्शन मागून घेऊ का? (डिचोली)

उत्तर: अगं, ठोके दिसले ना? मग अर्धं टेन्शन इथेच सोडून दे, बाकीच्या अर्ध्याचं बघूया.

कमरेत इंजेक्शन दिलं की प्रोजेस्टेरॉन आधी रक्तात जातं, अख्ख्या अंगभर फिरतं आणि त्यातला आपला वाटा गर्भाशयाला मिळतो. खालून ठेवलेली गोळी वेगळ्या वाटेने जाते, ती योनीमार्गातून शेजारच्या शेजारी गर्भाशयातच झिरपते आणि रक्तात कमी उतरते. १९९४ साली अमेरिकेत डॉक्टरांनी हे दोन्हीकडे मोजून बघितलं. काही बायकांना इंजेक्शन, काहींना खालून औषध. रक्तात इंजेक्शनवाल्यांची सरासरी आली ७० नॅनोग्रॅमच्या आसपास आणि खालून औषध घेणाऱ्यांची १२. तुझं आणि जाऊचंच भांडण की नाही हे? पण मग त्यांनी गर्भाशयाच्या अस्तराचा बारीकसा तुकडा घेऊन त्यात किती आहे ते बघितलं, तर तिथे चित्र पूर्ण फिरलेलं, खालून औषध घेणाऱ्यांच्या अस्तरात इंजेक्शनवाल्यांच्या जवळजवळ आठपट प्रोजेस्टेरॉन.

म्हणजे बघ, इंजेक्शन म्हणजे गावच्या टाकीत पाणी सोडणं, सगळ्या वाड्यांना थोडं थोडं. खालून गोळी म्हणजे परसातली बांय, आपली विहीर. आता टाकीचा मीटर बघून परसातल्या बांयत पाणी किती ते कसं कळणार?

हे होतं कसं यावर इटलीतल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये एक भारी काम केलं. ऑपरेशन करून काढलेली गर्भाशयं त्यांनी द्रव फिरवून काही तास जिवंत ठेवली, योनीच्या कडेला खुणेचं प्रोजेस्टेरॉन लावलं आणि ते वर चढताना पाहिलं. चार-पाच तासांत ते गर्भाशयभर पोचलेलं. योनीकडून येणाऱ्या शिरा आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या रोहिण्या एकमेकींना अगदी चिकटून असतात, त्यामुळे औषध एकीतून दुसरीत सरकतं असं मानतात, शिवाय पेशींमधून थेट झिरपणंही असतंच.

दुसरं, त्या ११ वर फार जीव लावू नकोस. पहिल्या तिमाहीत साधारण १० ते ४४ अशी रेंज धरतात, म्हणजे तू रेंजमध्येच आहेस, खालच्या कडेला का असेना. आणि हे हॉर्मोन सुरुवातीला बीजकोशातून, म्हणजे जिथून स्त्रीबीज सुटलं तिथे उरलेल्या त्या पिवळ्या गाठीतून येतं, आणि ती गाठ नळासारखी सारखी धार सोडत नाही, झटक्या-झटक्याने सोडते. १९८४ मध्ये पाळीच्या उत्तरार्धातल्या बायकांचं (गरोदर नसलेल्या) दर दहा मिनिटांनी २४ तास रक्त घेऊन बघितलं होतं, तेव्हा आकडा २.३ पासून ४०.१ पर्यंत नाचताना दिसला, आणि तोही काही मिनिटांत. तू लॅबमध्ये बाकावर बसून नंबर लागायची वाट बघितलीस तेवढ्या वेळात सुद्धा फरक पडू शकतो.

अजून एक, हे मला दर आठवड्याला कोणाला तरी सांगावं लागतं म्हणून इथेच लिहून टाकते. काहींना प्रोजेस्टेरॉन नसतं दिलेलं, डायड्रोजेस्टेरॉनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या असतात. काम तसंच, पण रेणू वेगळा, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनच्या टेस्टमध्ये तो मोजलाच जात नाही. गोळ्या चालू आहेत आणि आकडा जराही वाढला नाही म्हणून रडत बसलेल्या मुली मी पाहिल्यात. वाढणारच नाही गो तो.

आता जरा नावडतं बोलते. रक्तात प्रोजेस्टेरॉन खरंच खूप कमी असेल, तीन-चार वगैरे, तर बऱ्याचदा ते कारण नसतं, परिणाम असतो. गर्भ नीट वाढत नसला की तो एचसीजी कमी सोडतो, एचसीजी कमी पडलं की ती पिवळी गाठ सुस्तावते आणि प्रोजेस्टेरॉन उतरतं. तिथे वरून कितीही ओतलं तरी गर्भातला मूळ दोष जात नाही. मी नवीन होते तेव्हा मला पण वाटायचं की आकडा वर आणला की काम झालं. तसं नसतं हे शिकायला काही वर्षं गेली, आणि त्या वर्षांतल्या पेशंटना मी उगाच किती सुया टोचल्या असतील देव जाणे.

मग तुला गोळ्या का दिल्या? तर त्यालाही आधार आहे. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव झालेल्या ४,१५३ बायकांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१९ ला आला. सगळ्या मिळून बघितलं तर प्रोजेस्टेरॉनवाल्या ७५ टक्के आणि नुसत्या दिखाऊ गोळ्यावाल्या ७२ टक्के जणींना बाळ झालं, म्हणजे ठामपणे सांगावा असा फरक नाही. पण ज्यांचं आधी मिसकॅरेज झालं होतं त्यांना फायदा दिसला, आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांमध्ये तर ५७ वरून ७२ टक्के. त्यावरूनच तिकडच्या सरकारी गाईडलाईनने २०२१ मध्ये सांगितलं की रक्तस्राव आणि आधीचं मिसकॅरेज दोन्ही असेल तर ४०० मिलिग्रॅम दोन वेळा, खालून, सगळं ठीक असेल तर १६ आठवड्यांपर्यंत. अगदी तुझंच प्रिस्क्रिप्शन. आणि यात रक्तातला प्रोजेस्टेरॉनचा आकडा कुठे विचारलेलाच नाही हे लक्षात आलं का?

एक अपवाद सांगते नाहीतर आयव्हीएफवाल्या (टेस्ट ट्यूब बेबीवाल्या) मुली मला फोन करतील. गोठवलेला गर्भ सोडताना सगळी तयारी गोळ्यांवर केलेली असेल तर बीजकोशात ती पिवळी गाठ नसतेच, सगळं बाहेरच्या औषधावर, तिथे रक्तातला आकडा १० च्या खाली गेला तर यश कमी मिळतं असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय, म्हणून ते डॉक्टर मुद्दाम तपासतात आणि गरज पडली तर इंजेक्शन जोडतात. त्यांचं बरोबर आहे. तुझी केस ती नाही.

तुझ्यासाठी पुढचे दोन आठवडे मजेचे आहेत. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान वार (प्लासेंटा) प्रोजेस्टेरॉनचं काम स्वतःकडे घेते. चापो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं होतं की सातव्या आठवड्याआधी ती पिवळी गाठ काढली तर गर्भ टिकत नाही, नवव्यानंतर काढली तर टिकतो. तेव्हा गोळ्या दिल्यात तशाच ठेव, मनाने बदलू नको, आणि पॅड भरून रक्त गेलं किंवा जोरात पोटात दुखलं तर जाऊला नाही, डॉक्टरना फोन कर.

प्रश्न: बीटा एचसीजी पहिल्यांदा १२४० आलं, ४८ तासांनी १९५०. सगळीकडे लिहिलंय की दुप्पट व्हायलाच पाहिजे. नवरा बोटीवर आहे, तो तिकडून रोज गुगल करून मला पाठवतो. (म्हापसा)

उत्तर: पहिलं म्हणजे नवऱ्याला सांग बोटीवरचं काम बघ.

"दुप्पट" हा सरासरीचा हिशोब आहे, सुरुवातीला ४८ ते ७२ तासांत दुप्पट होतं असं म्हणतात ते ढोबळ. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर व्यवस्थित चाललेल्या गरोदरपणातही ४८ तासांत कमीत कमी ४९ टक्के वाढ चालते असं अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मानते. तुझी ५७ टक्के झालीय. ब्रिटिश थोडे कडक आहेत, ते ६३ च्या वर गेलं तर म्हणतात की गर्भ बहुतेक गर्भाशयातच आहे. म्हणजे तू दोघांच्या मधल्या पायरीवर उभी आहेस, वाईट नाही आणि एकदम निर्धास्तही नाही. यावर उपाय आठवडाभराने आतून सोनोग्राफी, आणि डॉक्टर म्हणाले तर अजून एकदा रक्त, पण त्याच लॅबमध्ये कारण मशीन बदललं की आकडा बदलतो.

कारण एचसीजी रक्तात किती आहे ते सांगतं, पण गर्भ कुठे बसलाय ते सांगत नाही. नळीत बसलेला गर्भ पण एचसीजी सोडतो, घरच्या किटवर पण दोन रेषा येतात. म्हणून एका बाजूला पोटात कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, घाम, यातलं काही झालं तर रिपोर्टची वाट बघायची नाही, रात्र असो की कार्निव्हल, १०८ ला फोन आणि सरळ हॉस्पिटल.

आणि एक आधीच सांगून ठेवते नाहीतर जानेवारीत परत पत्र येईल. हा आकडा आठव्या ते अकराव्या आठवड्यात शिखरावर जातो, लाखाच्या घरात, कोणाचा पंचवीस हजार तर कोणाचा अडीच लाखाच्या वर, आणि मग आपोआप उतरतो. उतरायचाच असतो. त्याचं मुख्य काम त्या पिवळ्या गाठीला "थांब, अजून जाऊ नकोस" म्हणून धरून ठेवायचं, वारेने चार्ज घेतला की तेवढी गरज उरत नाही. ठोके दिसल्यावर एचसीजी करत राहण्यात काही अर्थ नाही, त्या पैशांत चांगले मासे येतील.

प्रश्न: आमच्याकडे शेळ्या आहेत, बाराएक. जनावरांचे डॉक्टर सांगतात की व्यायच्या आधी शेळीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपकन उतरतं आणि मग ती व्याते. माझ्या बायकोला आठवा लागलाय, गेल्याच आठवड्यात डोहाळजेवणाची फुलां माळली. तिचं तेच रक्त दर चार दिवसांनी तपासलं तर दिवस आधी कळेल का? आमचं घर लांब आहे, पावसापाण्याचं नाही पण रस्त्याचं टेन्शन आहे. (सांगे)

उत्तर: या महिन्यातला सगळ्यात हुशार प्रश्न तुमचा, आणि उत्तर नाही असं आहे, पण ते का नाही हे सांगायला मला फार आवडेल.

तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांचं शंभर टक्के खरं. शेळीमध्ये पूर्ण पाच महिने प्रोजेस्टेरॉन त्या पिवळ्या गाठीतूनच येतं, वार तो चार्ज घेतच नाही. व्यायच्या वेळी गाठ विरघळते, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि कळा सुरू. मेंढीत वार चार्ज घेते पण तिथेही शेवटी उतरतंच, आणि ते उतरवतं कोण तर पोटातलं कोकरू, त्याच्या स्वतःच्या कॉर्टिसोलने. न्यूझीलंडच्या लिगिन्स नावाच्या डॉक्टरने हे १९६० च्या दशकात दाखवलं.

म्हणून त्या काळात सगळ्यांना वाटलं माणसात पण असंच असणार, बायकांचं रक्त तपासायला लागले, आणि उतरेचना! माणसाच्या गरोदरपणात ते वाढतच जातं, शेवटी १०० ते २०० नॅनोग्रॅम, वार दिवसाला २५० मिलिग्रॅम आणि वर बनवते, आणि कळा चालू असताना सुद्धा आकडा तिथेच. बाळ बाहेर येतंय आणि "गर्भाशया, शांत राहा" सांगणारं हॉर्मोन रक्तात भरपूर. मग गर्भाशय ऐकत का नाही?

तर ते बहिरं होतं. हॉर्मोन नुसतं असून भागत नाही, पेशीत ते पकडणारा रिसेप्टर लागतो. गर्भाशयाच्या स्नायूत प्रोजेस्टेरॉनचे दोन प्रकारचे रिसेप्टर असतात, एक शांत ठेवणारा आणि दुसरा त्याचं काम हाणून पाडणारा, आणि दिवस भरत आले की दुसऱ्याचं पारडं जड होतं. शिवाय स्नायूच्या पेशी आत आलेलं प्रोजेस्टेरॉन तिथल्या तिथे मोडून टाकायला लागतात. रक्तात काहीच बदल नाही, आत मात्र सगळी माघार. याचा पुरावा म्हणजे मिफेप्रिस्टोन हे औषध, ते नुसतं रिसेप्टर अडवून बसतं, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तसंच राहतं तरी गर्भाशयाचा आवर सुटतो.

ऑक्सिटोसिनचंही तेच. कळा येण्यासाठी सलाईनमधून देतात ते. लोकांना वाटतं शेवटच्या दिवसांत रक्तात ऑक्सिटोसिन वाढतं म्हणून कळा येतात, पण कळा सुरू होईपर्यंत रक्तात फारसं काही घडत नाही, वाढतात ते गर्भाशयातले त्याचे रिसेप्टर, कित्येक पटींनी. म्हणजे आवाज तेवढाच, कान मोठे झाले. म्हणूनच पाचव्या महिन्यात जे ऑक्सिटोसिन दिलं तर गर्भाशय फारसं दाद देत नाही तेच नवव्या महिन्यात थेंबाथेंबाने मोजून द्यावं लागतं.

आणि अजून एक ऐका, तुम्ही दुधाचे लोक म्हणून सांगते. दुधाचं हॉर्मोन प्रोलॅक्टिन, ते आईच्या रक्तात मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं आणि गरोदरपणात दहाएक पट होतं. पण बाळाभोवतीच्या पाण्यात, गर्भजलात, पाचव्या-सहाव्या महिन्यात ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त सापडतं, कारण तिथलं प्रोलॅक्टिन गर्भाशयाचं अस्तर स्वतः बनवतं. औषध देऊन रक्तातलं खाली आणलं तरी पाण्यातलं हलत नाही. एकच हॉर्मोन, एकच बाई, दोन वेगळे कारखाने. मग दूध आधीच का नाही येत? कारण रक्तातलं प्रोजेस्टेरॉन त्याला दाबून धरतं. वार पडली की एक-दोन दिवसांत ते कोसळतं आणि दोन ते चार दिवसांत दूध भरतं. म्हणजे तुमच्या शेळीसारखं कोसळणं माणसात पण आहे, फक्त बाळ झाल्यावर! (वारेचा तुकडा आत राहिला असेल तर दूध उशिरा भरतं ते याचमुळे, जुन्या वयजिणींना, म्हणजे सुईणींना, हे बरोबर कळायचं.)

तेव्हा रक्त तपासायला पैसे घालवू नका. रस्त्याचं टेन्शन खरं आहे, त्यावर उपाय म्हणजे नववा लागला की तारखेच्या आधी दोन आठवडे मडगावकडे कोणी नातेवाईक असतील तर तिथे जाऊन राहायचं, नाहीतर गाडीवाला आत्ताच ठरवून ठेवायचा आणि एक नाही, दोन. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळ हलायचं कमी झालं किंवा कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या की निघायचं.

प्रश्न: सुनेला उलट्या फार होतात. मुलगी असली की जास्त होतात म्हणतात, खरं का? (वास्को)

उत्तर: मांय, हजारो बायकांची बेरीज केली तर फार जास्त उलट्या होणाऱ्यांत मुलींचं प्रमाण किंचित जास्त दिसतं, पण तुमच्या सुनेबाबत त्यातून काहीही कळत नाही, आणि कळवून घ्यायचंही नाही, १९९४ चा गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा आहे.

उलट्यांचं खरं कारण आता बरंच सापडलंय. जीडीएफ१५ नावाचं हॉर्मोन आहे, ते गर्भाकडून आणि वारेतून आईच्या रक्तात येतं. २०२३ च्या शेवटी आलेल्या संशोधनात दिसलं की गरोदर व्हायच्या आधी जिच्या रक्तात ते कमी असतं तिला त्याची सवय नसते, आणि एकदम वाढलं की तीच आडवी होते. थॅलेसेमियाच्या बायकांच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असतं आणि त्यांना मळमळ कमी होते म्हणे, म्हणजे परत बघा, आकड्यापेक्षा सवय मोठी. सून नाटकं करत नाहीये एवढं मात्र नक्की. लघवी गडद किंवा अगदी कमी झाली, पाणीही टिकेना, वजन उतरलं तर ॲडमिट करून सलाईन लावा.

प्रश्न: दहावा आठवडा, टीएसएच ०.०८. मला आधी कधीच थायरॉईड नव्हता. (पर्वरी)

उत्तर: एचसीजी आणि टीएसएच ही भावंडं, दोघांचा अर्धा भाग अगदी सारखा. एचसीजी शिखरावर असलं की थायरॉईडला वाटतं टीएसएचच बोलावतंय, ती जरा जास्त काम करते आणि खरं टीएसएच गप्प बसतं. दहाव्या आठवड्यात हे नेहमीचं, जुळं असेल तर अजून जास्त. फ्री टी४ (थायरॉईड स्वतः बनवते ते हॉर्मोन) करून घे, ते ठीक असेल आणि धडधड, हात थरथरणं, गळ्याला सूज नसेल तर काही आठवड्यांनी परत तपासू. ज्यांना आधीपासून थायरॉक्सिनची गोळी आहे त्यांनी हे वाचून गोळी बंद करायची नाही, उलट गरोदरपणात बहुतेकींना डोस वाढवावा लागतो.

प्रश्न: आजी म्हणते कणगीचा कंद खा, गर्भ टिकतो. माझ्या मैत्रिणीने तर मोबाईलवर वाचून दाखवलं की कणगीतून प्रोजेस्टेरॉन मिळतं. (पेडणे)

उत्तर: मैत्रिणीने अर्धं बरोबर वाचलं. १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन केमिस्टने मेक्सिकोच्या जंगलातल्या एका कंदातून, आपल्या कणगीच्याच कुळातल्या, डायोस्जेनिन काढून त्याचं प्रोजेस्टेरॉन बनवलं, आणि तोपर्यंत सोन्याच्या भावाचं असलेलं हे हॉर्मोन स्वस्त झालं. पण ते लॅबमध्ये, ॲसिड आणि भट्ट्या लावून. आपल्या पोटाला ते जमत नाही, तसलं एन्झाईमच नाही आपल्याकडे, त्यामुळे त्या कंदाची क्रीम म्हणून जे विकतात ते पण घेऊ नको.

आजीची कणगी मात्र खा. नीट उकडून, मीठ घालून, वर ओलं खोबरं. गॅसेस होत असतील तर रात्रीची नको.